घरात कसं सांगायचं? (अम्मा, अण्णा आणि नारळी पौर्णिमेचं जानवं)

धोटा | २६ जुलै, रात्री ११:४८

नमस्कार. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. पद्मशाली घर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात दोन्हीची मिसळ. वय ३८. टॉवेलच्या यंत्रमागावर सोळा वर्षं झाली. गेल्या वर्षी पाम संडेला बाप्तिस्मा घेतला. घरात फक्त बायकोला माहीत आहे. ती म्हणते, तुमचं तुम्ही बघा, मला पोरींच्या शाळेचं बघू द्या.

कसं झालं ते थोडक्यात सांगतो. रात्रपाळी होती. बीम (ताण्याचा रूळ) संपलेलं, नवे धागे जोडणारा सांधणीवाला यायचा होता. जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्याच्या) खोक्यात पाना शोधत होतो तर तळाला एक तळहाताएवढं पुस्तक. मार्काचं शुभवर्तमान. तेलाचे डाग पडून अर्धी पानं पारदर्शक झालेली. सोळाच अध्याय आहेत, पहाटेपर्यंत संपलं. जॉबरला विचारलं कुणाचं, तर म्हणाला आधीच्या जॉबरचं असेल, तो कधीच सोडून गेला. म्हणजे मला कुणी येऊन सांगितलं नाही. आजारपण नाही, स्वप्न नाही, पैसे तर नाहीतच. दुसऱ्या रात्री परत पहिल्यापासून वाचलं, एवढंच.

आता अडचण. पाचव्या अध्यायात तो कबरींमध्ये राहणारा माणूस आहे बघा, साखळ्या तोडणारा. बरा झाल्यावर तो येशूच्या मागं होडीत चढायला बघतो. मला पण न्या म्हणतो. येशू नाही म्हणतो. घरी जा, तुझ्या माणसांना सांग, म्हणतो. मी हे वाचलं की मला घाम फुटतो. होडीत बसणं सोपं होतं की!

९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. मार्कंडेयाचा रथ निघतो. आमच्यात त्या दिवशी पुरुष जुनं जानवं काढून नवं घालतात. अण्णा (थोरला भाऊ, वडलांच्या जागी आहे) दोघांचं घेऊन येतो. गेल्या वर्षी पाळी आहे म्हणून सटकलो. पाळी दुसऱ्या दिवशी होती. यंदा काय करू?

---

उगीच_आपलं | २७ जुलै, सकाळी ७:१५

यंदा पण पाळी लावून घे बे. सोलापुरात कुणाला कळूलालंय, निम्मे माग बंदच हायत.

(मस्करी हाय. वाचतोय.)

---

येशूचा_शिपाई | २७ जुलै, सकाळी ९:०२

बंधू, प्रभूची स्तुती असो. घाबरायचं काही कारण नाही. जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मी पित्यासमोर नाकारीन, हे मत्तयाच्या १० व्या अध्यायात स्पष्ट आहे. मी तर बाप्तिस्म्याच्या दिवशीच भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साक्ष (मी प्रभूकडं कसा आलो ते) टाकली. तुम्हीही टाका. एकदा सगळ्यांना कळलं की मोकळे.

---

कडक_भाकरी | २७ जुलै, दुपारी १:३०

शिपाईदादा, तुम्ही मोकळे झालात. ग्रुपवरच्या बाकीच्यांचं काय झालं ते पण लिहा की.

मी ख्रिस्ती नाही, आधीच सांगते. माझी धाकटी जाऊ आहे. सात वर्षांपूर्वी ती प्रभूत आली (तिचाच शब्द). पहिलं वर्ष कसं गेलं ते ऐका, कारण इथं सगळे सांगणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. ज्यांना सांगितलं जातं त्यांची बाजू कोण मांडणार?

सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे (जत्रेचे) दिवस होते. अक्षता सोहळ्याहून घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. हिनं घेतला, मोरीकडं गेली आणि बादलीत टाकला. सासूबाईंनी बघितलं. ओरडल्या नाहीत. रात्री जेवल्या नाहीत. मी तिला दुसऱ्या दिवशी म्हटलं, अगं नको तर नको म्हण ना तोंडानं. हात जोडून म्हण. घेऊन टाकायचं कशाला? ती म्हणाली, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. आता बोला!

त्याच वर्षी तिनं दर गुरुवारी सासूबाईंना समोर बसवून काहीतरी वाचून दाखवायचा सपाटा लावला होता. सासूबाई शेंगा निवडत बसायच्या, ती वाचायची. ऐकत होत्या की नाही देव जाणे. एकदा मला म्हणाल्या, हिला माझ्याशी बोलायचं नसतंच, हिला मला काहीतरी द्यायचं असतं.

---

लाझारची_बहीण | २७ जुलै, रात्री ९:४०

कडक_भाकरी, तुमच्या सासूबाईंचं ते शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

धोटा, तुमच्या वयाचा माझा मुलगा आहे म्हणून एकेरीवर येते. तुझा खरा प्रश्न जानव्याचा नाहीये रे बाळा. गेल्या वर्षीच्या पाळीचा आहे. तू अण्णाशी खोटं बोललास आणि आता त्याला सत्य सांगायला निघालास, ते त्याच्या गळी कसं उतरायचं? आधी ते निस्तर. सुवार्ता नंतर.

जानव्याबद्दल: दुसऱ्या राजांच्या पुस्तकात ५ व्या अध्यायात नामान आहे, अरामी सेनापती. कोड बरं झाल्यावर तो अलीशाला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढं परमेश्वरानं मला माफ करावं. अलीशा त्याला काय म्हणतो? शांतीनं जा. बस. हो पण नाही, नाही पण नाही. मी चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं, पोरांनी विचारलं की मीही तेवढंच सांगते.

---

येशूचा_शिपाई | २७ जुलै, रात्री १०:११

ताई, नामान जुन्या करारातला. नव्या करारात तडजोड नाही.

---

लाझारची_बहीण | २७ जुलै, रात्री १०:१९

नव्या करारात पौल आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, १० वा अध्याय. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात आलेलं खा, चौकशा करत बसू नका. कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर मग खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. समोरच्याच्या मनाचा विचार तिथंही सुटलेला नाही. झोपा आता.

---

रेल्वे_लाईन्स | २८ जुलै, सकाळी ६:२०

मी तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत उतरलं, १८३१ ला नगरला आलं, आणि तिथून पुढं आपल्याकडं. आजोबा त्या मिशनच्या शाळेत शिकले, म्हणून आम्ही आज असे आहोत. नोकरी रेल्वेत झाली, आता निवृत्त.

धोटा, तुमचं वाचून मला जरा लाजच वाटली. आम्हाला घरात कुणाला काही सांगावंच लागलं नाही. जन्मलो तेच उपासना संगीत ऐकत. शेजाऱ्यांना सांगणं म्हणजे काय, तर नाताळला करंज्यांचं ताट. दिवाळीला त्यांचं ताट यायचं, नाताळला आमचं जायचं. पन्नास वर्षांत ताटावरच्या रुमालाखाली करंज्यांशिवाय काही गेलं नाही. शेजारच्या काकांनी मला एकदाच विचारलं होतं, अरे, तुमचा देव मेला त्या दिवसाला तुम्ही 'गुड' का म्हणता? मी म्हटलं, तसंच म्हणतात काका. आणि मालगाडी गेल्यासारखा विषय गेला. काका वारले. तो प्रश्न अजून माझ्याकडं आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ ला आहे, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं. सगळे सौम्यतेवर जोर देतात. मी सौम्य होतोच हो. तयार नव्हतो.

---

निवांत_पेठकर | २८ जुलै, सकाळी ११:०५

एक भाबडा प्रश्न. सांगायचंच कशाला? श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. मी देवळात जातो की नाही हे माझ्या आईला मी रिपोर्ट करत नाही.

---

धोटा | २८ जुलै, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचा फटका बरोबर बसला.

निवांत_पेठकर, तुमचं पण मी पुष्कळ दिवस असंच समजून चाललो होतो. पण रविवारचं सांगतो. सकाळी मी पिशवी घेऊन मटण आणायला निघतो. उपासना नऊला. ती सुटल्यावर मटणाच्या दुकानात रांगेला लागतो आणि अकराच्या पुढं घरी. विचारलं की, लई गर्दी होती. आता हे रोज नाही, आठवड्यातनं एकदाच खोटं बोलतो. पण देवाकडं जायच्या आणि यायच्या वाटेवर बोलतो. श्रद्धा खासगी ठेवायची तर मटणाला मध्ये आणावं लागतं, असं झालंय माझं.

आणि दुसरं म्हणजे अम्मा ७० वर्षांची आहे. अजून विड्या वळते. मला जे सापडलं ते तिला माहीतच नसावं, हे मला जमेना. तिनं घ्यावं असं नाही. मला काय झालंय ते तरी तिला कळावं.

---

काळा_कोट | २९ जुलै, सकाळी १०:५०

कायद्याचं कुणीतरी बोलायला हवं म्हणून. कलम २५ नं धर्म मानायचा, आचरायचा आणि प्रसार करायचा अधिकार दिलाय. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याला धर्मांतरित करणं हा अधिकार त्यात येत नाही. आईला मुलानं आपली गोष्ट सांगणं कुठल्याही अर्थानं पहिल्यातच बसतं.

सवलतींचं कुणी विचारायच्या आत: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. आमच्या ओळखीत कितीतरी जण घरात एक, शाळेच्या दाखल्यावर एक असे राहतात ते यामुळं. धोटा यांच्या समाजाचं गणित वेगळं आहे, ते कागद बघून बोलावं.

---

उगीच_आपलं | २९ जुलै, दुपारी १२:०१

कोटसाहेब, अम्माला कलम २५ सांगितलं तर ती सूप फेकून मारंल.

---

रेल्वे_लाईन्स | २९ जुलै, रात्री ८:१५

रेव्हरंड टिळकांचं आठवलं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना न सांगता. पुढं काही वर्षं नवराबायकोची ताटातूट. एवढा मोठा कवी, तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो म्हणणारा, पण घरातल्या माणसाला त्या पुलावर हात धरून नेणं काही त्यांना जमलं नाही. लक्ष्मीबाई शेवटी ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या पायांनी, आपल्या विचारानं. आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्यामागं पुरं केलं ते त्याच बाईनं.

आम्ही उपासनेत टिळकांची गाणी गातो, तेव्हा मला बऱ्याचदा वाटतं, सांगायच्या आधीच्या रात्री ह्या माणसाला झोप लागली असेल का?

---

येशूचा_शिपाई | ३० जुलै, रात्री ११:५८

कडक_भाकरी ताईंनी विचारलं होतं, ग्रुपवरच्या बाकीच्यांचं काय झालं. तीन दिवस उत्तर टाळलं. ग्रुपमधून मला काढलं. मोठ्या बहिणीनं राखी पाठवणं बंद केलं, त्याला यंदा तिसरं वर्ष. मी सगळ्यांना सांगत फिरतो की हा छळ आहे. तो आहेच. पण ती साक्ष मी वाहिनीवरच्या एका प्रचारकाची ऐकून लिहिली होती, त्यात 'अंधारात बसलेले' असा शब्द होता. अंधारात बसलेली म्हणजे माझी बहीण. तिनं मला शाळेत नेऊन सोडलंय.

---

कडक_भाकरी | ३१ जुलै, सकाळी ८:४४

दादा, राखी तुम्ही मागवा ना. भाऊ मागू शकतो.

आणि जावेची फक्त तक्रारच झाली, म्हणून हेही लिहिते. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. दहाव्याला पाहुणे ऐंशीच्या वर. आचारी ऐनवेळी आला नाही. ही पहाटे चारला चुलीपाशी बसली आणि एकटीनं भाकऱ्या थापल्या. मी मोजायचं सोडून दिलं. तिकडं पिंड ठेवला, सगळे नमस्काराला गेले, ही परातीपाशीच. पीठ लागलेले हात तसेच. कुणी काही विचारलं नाही. प्रसाद बादलीत टाकणारी हीच का, असं मला वाटलं.

---

लाझारची_बहीण | ३१ जुलै, सकाळी ९:१०

योहान ७:५. येशूच्या भावांचासुद्धा त्याच्यावर विश्वास नव्हता. एका घरात तीस वर्षं काढून. धोटा, हे डोक्यात ठेव आणि फार मोठी अपेक्षा घेऊन जाऊ नकोस. कधी बोलणार आहेस?

---

धोटा | १ ऑगस्ट, पहाटे ५:२०

पौर्णिमेच्या आधी. आधी अण्णा की आधी अम्मा, तेच ठरत नाहीये.

---

उगीच_आपलं | १ ऑगस्ट, सकाळी ७:३०

आधी अम्मा. अण्णा चिडला तर त्याला कोण आवरंल, बायको का?

---

धोटा | १० ऑगस्ट, रात्री १०:१५

लांबलचक लिहितोय, माफ करा.

बुधवारी सुट्टी होती. अम्मा दारात बसली होती, मांडीवर सूप. पत्ता (विडीचं पान) भिजवून कापलेला, बाजूला पत्र्याचं माप आणि कात्री. मी शेजारी बसलो आणि लहानपणी करायचो तसं पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे बांधायला लागलो. मी चार दिवस मनात पाठ केलं होतं. कबरींतला माणूस, होडी, सगळं. म्हटलं, अम्मा, एक सांगायचंय.

ती म्हणाली, "नाकु तेलुसु रा." मला माहीत आहे रे.

म्हटलं, काय माहीत आहे? तर हातातली विडी मुडपत म्हणाली, दोन वर्षं झाली तुझं मटण उशिरा येतंय. आणि अकरा वाजता रांग नसते, मी त्या दुकानात तुझ्या वडलांबरोबर तीस वर्षं जात होते. शेजारणीनं तुला चर्चच्या फाटकातनं बाहेर येताना बघितलं होतं. मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल.

मी गप्प. मग मी गेल्या वर्षीच्या पाळीचं सांगितलं. तेही तिला माहीत होतं. अण्णाला पण. दोघांनी एकमेकांत बोलून ठेवलं होतं की हा स्वतः सांगेपर्यंत विचारायचं नाही. म्हणजे मी दोन वर्षं लपवत होतो, आणि ते माझं लपवणं सांभाळत होते.

देव, येशू, काही विचारलं नाही तिनं. एकच विचारलं. अग्नी तर अण्णा देईल, पण माझ्या दहाव्याला तू पंगतीत बसशील का? मी बसेन म्हणालो. (शिपाईदादा, मला वचनं नका टाकू प्लीज.) तिनं मान हलवली आणि परत पत्ता घेतला.

अण्णाचं अवघड आहे. रात्री त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला. परत आला तो बाराला. काल पौर्णिमेला सकाळी आंघोळ करून त्यानं जानवं बदललं. दोन आणली होती, दरवर्षीसारखी. माझं त्यानं मला दिलं नाही, आणि ठेवूनही दिलं नाही. दाराच्या आतल्या खिळ्याला, कॅलेंडरच्या वर अडकवलं. मी काढलं नाही. तिथंच आहे.

मी रथाला गेलो. दोर ओढला नाही. पुतण्या खांद्यावर होता, त्याला दिसावं म्हणून कडेच्या कट्ट्यावर उभा राहिलो. अण्णानं गर्दीतनं वर बघितलं, पोरगं कुठं आहे म्हणून. बोलला नाही अजून.

---

कडक_भाकरी | १० ऑगस्ट, रात्री १०:४०

जानवं काढू नका खिळ्यावरनं. ते त्यानं काढू दे.

---

येशूचा_शिपाई | १० ऑगस्ट, रात्री ११:०५

वचन नाही टाकत. बहिणीला शुक्रवारी फोन केला होता. उचलला नाही. शनिवारी दुपारी तिचा मिस्ड कॉल होता.

---

निवांत_पेठकर | ११ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मी माझा प्रश्न मागं घेतो. पण एक आहे, त्यांना आधीच माहीत होतं म्हणजे तुम्ही सांगितलं काय आणि नाही काय.

---

लाझारची_बहीण | ११ ऑगस्ट, सकाळी ९:५२

पेठकर, लग्न झालंय का तुमचं?

---

धोटा | २४ ऑगस्ट, रात्री ११:२०

वर विचारणाऱ्यांसाठी. अण्णा कामापुरतं बोलतो. जानवं खिळ्यावरच.

पण आज एक झालं. रविवारी आता मी मटण आधी आणतो, मग उपासनेला जातो, सांगून. आज परत आलो तर अम्मा म्हणाली, त्या पुस्तकात आहे तरी काय, वाच. तिला मराठी वाचता येत नाही, बोलणं कळतं. ती विड्या वळत बसली, मी एक ओळ मराठीत वाचायची, मग तेलुगूत सांगायची. साहजिकच मी पाचवा अध्याय काढला. कबरी, साखळ्या. ती ऐकत होती. मग भुतं डुकरांत शिरली आणि कळप कड्यावरून तळ्यात गेला, सुमारे दोन हजार. तिथं तिनं हात थांबवला.

"दोन हजार? कुणाची होती?"

म्हटलं, असतील कुणाची तरी.

"मग मालकाला भरून कुणी दिलं? आणि चारणारे? त्यांचा रोज बुडला की."

आमचा कारखाना गेल्या सालात दोन महिने बंद होता, म्हणून तिला तेच आधी दिसलं असणार. मी पुढं वाचलं, की गावकऱ्यांनी येशूला आमच्या हद्दीतून जा म्हणून विनवलं. ती म्हणाली, विनवणारच. घरी जा म्हटलेल्या त्या माणसापर्यंत आम्ही पोचलोच नाही. डुकरांवरच अडलो. उद्या पुढचं वाच म्हणाली, पण आधी हे विचारून ये.

कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

रेल्वे_लाईन्स | २५ ऑगस्ट, सकाळी ६:१०

साठ वर्षं उपदेश ऐकतोय. त्या अध्यायावर किती ऐकले त्याची गणती नाही. चारणाऱ्यांच्या रोजाचं कुणी काढलेलं आठवत नाही. रविवारी पाळकांना गाठतो. अम्मांचं नाव सांगू का?

---

धोटा | २५ ऑगस्ट, रात्री ११:४५

नाव नको. विडीवाल्या एका बाईंनी विचारलंय म्हणा.